खालून आलेला शब्द

सोनगीर,
२ मार्च १९८८

चि. अभिमन यास, अक्काचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही काल घरी पोहोचलो. तू करून दिलेल्या मेटाडोरमध्ये यांना आडवं घालून आणलं. पारोळ्याच्या पुढं रस्ता असा की प्रत्येक खड्ड्याला मीच ओरडत होते, हे मात्र गप्प. खांदा मोडलेला माणूस कण्हत तरी असतो रे. डॉक्टर म्हणाले, डोक्याला आतून मार आहे, वाचा आली तर येईल. मी म्हटलं, येईल. नाही यायला काय झालं? हा माणूस झोपेतसुद्धा बैलांशी बोलायचा.

आल्या आल्या पुनाआबांकडं गेले. आपल्या घराला लागूनच त्यांचं घर, त्यामुळे त्यांच्या हिलालची आई रडते ते इकडं ताटावर बसल्याबसल्या ऐकू येतं. हिलालची बायको अजून बाळंतीण आहे. मला बघून ती एवढंच म्हणाली, "काकू, काय व्हयनं तठे?" मी काय सांगणार? मलाच माहीत नाही.

म्हणून हे पत्र. तू त्या बांधकामावरचा मुकादम, तुझ्यासमोर झालं सगळं. पण दवाखान्यात तू दारातूनच परत फिरायचास. "अक्का, साहेब उना शे, जास मी." मला वाटलं, पोरगं घाबरलंय. आपली आई गेली तेव्हाही तू असाच दारात उभा राहिला होतास, आणि मी तुला कडेवर घेऊन बाहेर नेलं होतं. आता मिशा आल्या, मुकादमी आली, पण तू तोच.

वरून लोखंडी प्लेट पडली, हिलाल जागीच गेला, यांना लागलं, एवढंच आम्हाला माहीत. कशी पडली? कुणाच्या हातून? गाव विचारतं. हिलालला "चाल रे, अभिमन आपला माणूस शे" म्हणून तुझ्या कामावर यांनीच नेलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. काय झालं ते नीट लिही. काही लपवू नको. मी काही मेणाची नाही.

तुझी अक्का

---

जळगाव,
१० मार्च १९८८

ती. सौ. अक्काच्या पायाशी अभिमनचा नमस्कार.

पत्र मिळाले. लिहायला हात होत नव्हता, पण तू विचारलेस म्हणून लिहितो.

त्या दिवशी चौथ्या मजल्याच्या स्लॅबखालच्या लोखंडी प्लेटा काढायचे काम चालू होते. प्लेट सुटली की वरचा माणूस ओरडतो, "टाकू का?" खालून होकार आला की तो सोडतो. नाही आला तर थांबतो. हीच पद्धत सगळीकडे आहे.

वर शालिग्राम होता. बीडकडचा मिस्त्री आहे, साधा माणूस. त्याने विचारले, "टाकू का?" खाली तोताराम दाजी आणि हिलाल होते. दाजी मोठ्याने "व्हय" म्हणाले. एकदा नाही, दोनदा. शालिग्रामने प्लेट सोडली. हिलाल खालीच होता.

अक्का, हे सर्वांनी ऐकले. पाच जणांनी लेबर ऑफिसच्या साहेबांसमोर सांगितले की होकार खालून आला. मीसुद्धा तिथेच उभा होतो. खोटे कसे बोलू? पण मी साहेबांना हात जोडून सांगितले, माणूस चांगला आहे, गफलत झाली, पोलिसांचे लचांड नको. म्हणून प्रकरण तेवढ्यावर थांबले. दाजींच्या नशिबाने मी होतो.

शालिग्राम तर दोन दिवस जेवला नाही.

तू मनाला लावून घेऊ नको. दाजींपुढे हा विषय काढू नको, त्यांच्या डोक्याला त्रास होईल. आणि गावात कोणी विचारले तर देवाची मर्जी म्हणावे.

तुझा,
अभिमन

---

सोनगीर,
२४ मार्च १९८८

चि. अभिमन यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी चुलीपाशी बसले ती उठलेच नाही. भाकरी जळून गेली, बेबी येऊन म्हणाली, माय, धूर व्हयना. मी त्या पोरीवरच खेकसले.

यांच्या तोंडून? हिलालला यांनी लहानाचा मोठा होताना पाहिलं. तो यांच्या खांद्यावर बसून शिमग्याची सोंगं बघायचा. असा माणूस, पोरगं खाली उभं असताना वरच्याला हो म्हणतो? आणि एक मला काही केल्या कळत नाही. हो म्हणून सांगितल्यावर हे स्वतः त्या प्लेटीखाली कसे गेले? यांना प्लेटीचा कोपरा लागलाय खांद्याला आणि डोक्याला. लांब उभ्या माणसाला तो कसा लागेल?

पण तू सांगितलंस म्हणजे झालं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्याच्या तोंडात शेण घातलं असतं. तू माझ्या हाताखाली वाढलास, तू माझ्याशी खोटं बोलणार नाहीस.

मग मला घरात बसवेना. भिंतीपलीकडं ते दुःख आणि अलीकडं त्याचं कारण, आणि मधे मी गप्प? मी गेले पुनाआबांकडं. त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हटलं, "आबा, यासनी चूक व्हयनी. हाऊच मानूस हाव म्हनना. माफ करा." आबांनी पाय मागं घेतले. हिलालच्या आईनं दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून गावानं आमच्याशी बोलणं टाकलं म्हण ना. हापशीवर बायका माझा हंडा भरेपर्यंत लांब उभ्या राहतात. काल कुणीतरी यांच्या खाटेकडं बघत बोललं, "मारी टाकं अन् आते मुका व्हयना." यांनी ते ऐकलं. डोळे मिटून घेतले. यांची जीभ गेली रे, कान नाही गेले.

आखाजीचा सण जवळ आला. यंदा मला माहेराची फार गरज आहे. माहेर म्हणजे आता तूच. दोन दिवस न्यायला ये. गावासमोरून भाऊ येऊन नेतो, एवढं तरी दिसू दे.

तुझी अक्का

---

जळगाव,
१२ एप्रिल १९८८

ती. सौ. अक्कास नमस्कार.

आखाजीला यायला जमणार नाही, रागावू नको. आमच्या कंत्राटदार शेठनी भडगावचे मोठे काम माझ्यावर सोपवले आहे. आता मुकादम नाही, सुपरवायझर. गिरणा नदीच्या काठाला गोडाऊन बांधायचे आहे. खरे तर हे बोलणे आधीपासूनच चालू होते. त्या अपघाताच्या वेळीदेखील मी शेठबरोबर ऑफिसात बसून भडगावचेच बोलत होतो, तेवढ्यात आरडाओरडा झाला. असो. आईचे आशीर्वाद.

तू पुनाआबांची माफी मागितलीस हे फार चांगले केलेस. मोठ्या मनाचे काम केलेस. मी शेठनाही सांगितले.

दाजींना तपासणीला जळगावला आणू नकोस. धुळ्यालाच दाखव. इथे लोक उगाच काहीबाही विचारतात.

बेबीला फ्रॉकचे कापड पाठवतो.

तुझा,
अभिमन

---

सोनगीर,
६ जून १९८८

अभिमन,

कापड मिळालं. ते परत पाठवते आहे. का, ते पुढं वाच. शेवटपर्यंत वाच, दारातून परत फिरू नकोस.

परवा अंगणात बिबड्यांच्या पापडांसाठी ज्वारीचा घाटा रटरटत होता. हे खाटेवर पडलेले. पातेलं उतरवायला मी फडक्यानं धरलं आणि वळले, तर बेबी नेमकी माझ्या पाठीशी. मला दिसली नाही. आणि खाटेवरून आवाज आला. केवढा मोठा! "व्हय! बेबी, व्हय!"

पोरगी टुणकन बाजूला झाली. घाटा जमिनीवर सांडला, तिच्या अंगावर एक थेंब नाही.

मायबाई! मी हसू का रडू? चार महिन्यांनी घरधनी बोलला! गल्लीत जाऊन ओरडणार होते. अंगणाच्या कडेपर्यंत गेले आणि तिथूनच मागं फिरले. कारण काय बोलला ते माझ्या कानात मागून शिरलं. तुझ्या पत्रातही हाच शब्द होता, पण तू होकार म्हणून लिहिलंस आणि मी होकार म्हणूनच वाचला.

व्हय.

अभिमन, आपल्या घरात हो कुणी व्हय म्हणतं का? बा म्हणायचा? आई म्हणायची? तू लग्न ठरताना पाहुण्यांसमोर काय म्हणालास? "हाव" म्हणालास. आपण बठ्ठे हाव म्हणतो. सोनगीरपासून शिरपूरपर्यंत कुणालाही उठवून विचार. आणि व्हय म्हणजे? बाजूले व्हय. लांब व्हय. पलीकडं सरक! आई तुला चुलीजवळून दिवसातून दहादा हाकलायची, ते कुठल्या शब्दानं रे? तो बीडकडचा मिस्त्री, त्याच्या मुलखात व्हय म्हणजे हो. त्यानं विचारलं, टाकू का, त्याला ऐकू आलं व्हय, त्यानं टाकलं. त्याचा काय दोष? हे तर हिलालला ओरडत होते, पोरा, बाजूला हो, बाजूला हो! आणि पोरगं हलेना म्हणून स्वतः धावले. म्हणून लागलं यांना.

मी खाटेपाशी बसून यांना विचारलं, "हिलालले हाईच सांगी ऱ्हायंतात का?" यांनी धड असलेला हात तोंडावर घेतला आणि लहान पोरासारखे रडले. चार महिने हा माणूस आतल्या आत हे घेऊन पडलाय, आणि मी, त्याची बायको, शेजारी जाऊन त्याच्या नावानं माफी मागून आले! मला विहीर जवळ करावीशी वाटली.

शालिग्रामला कळलं नाही. साहेब पुण्याकडचे, त्यांना कळलं नाही. ते पाच जण परमुलखातले, त्यांनी जे कानावर आलं ते सांगितलं. पण तू? तू आपल्या कापडणे गावच्या मातीतला. तो शब्द काय ते त्या अख्ख्या बांधकामावर फक्त तुला ठाऊक होतं. एका वाक्यात सांगितलं असतंस, साहेब, आमच्या बोलीत याचा अर्थ असा, की झालं होतं. तू गप्प बसलास. वर मला लिहिलंस, दाजींच्या नशिबाने मी होतो!

आणि होतास कुठं? पहिल्या पत्रात लिहितोस, तिथेच उभा होतो. दुसऱ्या पत्रात लिहितोस, शेठबरोबर ऑफिसात होतो. दिवाळीला यांनीच मला सांगितलं होतं, प्लेटा काढताना खाली मुकादम उभा राहतो, माणसं लांब ठेवतो, आणि वरच्याला उत्तर फक्त तोच देतो. मग त्या दिवशी खाली मुकादम का नव्हता? मुकादम भडगावचं काम पदरात पाडून घेत होता. हे बाहेर आलं असतं तर कसली सुपरवायझरी! त्यापेक्षा मुका झालेला मेहुणा बरा, तो काय बोलणार!

परक्यानं केलं असतं तर मी शिव्या देऊन मोकळी झाले असते. तू केसानं गळा कापलास रे. आईमागं तुला मी वाढवलं. माझ्या ताटातला घास काढून तुला दिला, हे मी कधी बोलून दाखवलं नव्हतं, आज दाखवते.

अजून वेळ गेलेली नाही. साहेबांकडं जा आणि त्या शब्दाचा अर्थ सांग. बाकी काही मागत नाही. माझ्या नवऱ्याच्या डोक्यावरून हिलालचा जीव उतरव.

यशोदा

---

भडगाव,
२० जून १९८८

ती. सौ. अक्कास,

पत्र वाचून वाईट वाटले. तू रागात लिहिले आहेस, मी ते मनावर घेत नाही.

एका शब्दावरून तू मला फासावर चढवतेस. बांधकामावर दहा मुलखांचे लोक असतात, तिथे जो तो सगळ्यांसारखेच बोलायला शिकतो. दाजीही शिकले असतील. त्यांच्या मनात काय होते हे तुला कसे कळणार? आणि साहेबांना काय अहिराणी शिकवत बसायचे? कागदावर एकदा लिहिले ते लिहिले.

शिवाय एक विसरू नकोस. मी गावात काही बोललो नव्हतो, तूच पुनाआबांच्या पायावर डोके ठेवून कबूल केलेस. शेठनी ते साहेबांच्या कानावर घातले आहे. घरची माणसेच चूक मान्य करतात म्हटल्यावर साहेबांनीही विषय मिटवला. आता तू उलट बोललीस तर लोक तुलाच खोटी म्हणतील.

माझी नवी नोकरी आहे, मला दोन लेकरे आहेत. हिलाल काही परत येणार नाही. दाजींना तरी आता कुठे कामावर जायचे आहे? त्यांचे काय बिघडते? माझे सगळे बिघडेल. तू मोठी आहेस, समजून घे. राखीला मी स्वतः येतो, समोरासमोर बोलू.

तुझा,
अभिमन

---

सोनगीर,
९ सप्टेंबर १९८८

अभिमन मुकादम यांस,

राखीला तू आला नाहीस. बरं झालं. त्यानंतर साहेबांच्या ऑफिसात आपण समोरासमोर आलो, पण बोलणं झालं नाही, म्हणून हे लिहिते. तिथं काय झालं यातलं अर्धंच तुला माहीत आहे.

तुझं ते पत्र आलं तेव्हा, "त्यांचे काय बिघडते" हे वाक्य मी तीनदा वाचलं. मग उठून पुनाआबांकडं गेले. आबा ओट्यावर दोर वळत बसले होते, त्यांनी वर पाहिलं नाही. मी उभ्यानंच म्हटलं, "आबा, मी तुमले खोटं सांगं. माले खोटं सांगेल व्हतं. हाई 'हाव' नही म्हननात. हाई 'व्हय' म्हननात."

आबांचे हात थांबले. "व्हय म्हनना? तोताराम हिलालले व्हय म्हनना?"

समजावून सांगावंच लागलं नाही मला. साहेबाला, शेठला, तुझ्या त्या पाच माणसांना जे समजलं नाही, ते त्या म्हाताऱ्याला दोर वळता वळता समजलं. ते तसेच उठले आणि इतक्या महिन्यांनी आमच्या घरात आले. यांच्या खाटेवर बसले. "तोताराम, तू मना पोऱ्याले सरकाले सांगी ऱ्हायंता का?"

यांचे ओठ हलले. खूप वेळ लागला. मग आलं, "हाव."

आबांनी डोळे पुसले आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "दख, हाऊ मानूस होकारले काय म्हनस." यांचा हात हातात घेऊन बसून राहिले. घरात आले तेव्हा उन्ह ओट्यावर होतं, उठले तेव्हा दिवे लागले होते.

अर्ज आबांनीच गुरुजींकडून लिहून घेतला. मेलेल्या पोराचा बाप लिहितो म्हटल्यावर साहेबांना सगळ्यांना बोलवावंच लागलं.

पुढचं तू पाहिलंस. साहेबांनी यांना विचारलं, पण त्या टेबलापुढं यांची जीभ टाळूला चिकटली. मी दारात यांना धरून उभी. शालिग्राम आला होता. बिचारा रडत म्हणाला, "आमच्याकडं व्हय म्हणजे हो, साहेब, मला काय ठाऊक. एरवी खालून मुकादमच सांगायचे, त्या दिवशी मुकादम नव्हते." तू त्याच्याकडं असं बघितलंस की तो गप्पच झाला. मग साहेबांनी तुला विचारलं. मान वर करून नीट विचारलं, "तुम्ही खानदेशातले. अर्जात म्हटलंय तसा या शब्दाचा अर्थ आहे का?"

माझ्या मनात तेव्हाही होतं, बोलेल. अजून बोलेल. पोटचा नसला तरी हातचा आहे. आईची शपथ, मी मनात तुला माफसुद्धा करून टाकलं होतं.

तू म्हणालास, "नाही साहेब. आमच्याकडेही व्हय म्हणजे होच."

आई बोलायची ती बोली, जिच्यात तू पहिलं रडलास, तीसुद्धा तू विकलीस. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. तू घाईनं निघालास. दारात आम्ही दोघं आडवे उभे होतो, मला काही सुचत नव्हतं, मी हललेच नाही. तू माझ्याकडं न बघता, हातानं मला सारत काय म्हणालास, आठवतं?

तुला नसेल आठवत. आबांना आठवतं, ते तुझ्या मागंच होते. शालिग्रामनं ऐकलं. साहेबांनीही ऐकलं, कारण तू जोरात म्हणालास.

"अक्का, व्हय ना! बाजूले व्हय!"

आणि मी बाजूला झाले. शब्द कानावर पडला आणि पाय आपोआप सरकले. तू जिन्यानं उतरूनही गेलास.

आबा साहेबांकडं बघत राहिले. शालिग्राम म्हणाला, "साहेब, त्यांना तर कुणी काही विचारलं नव्हतं. मग हो कुणाला म्हणाले?" साहेबांनी टोपण परत काढलं आणि मला विचारलं, "बाई, तुम्ही आत्ता बाजूला का झालात?" मी म्हटलं, "माझ्या भावानं सांगितलं म्हणून." त्यांनी तेच लिहून घेतलं. खाली तुझं नाव लिहिलं, आबांचं लिहिलं, माझी सही घेतली. तुला परत बोलावणं येईल, तेव्हा काय सांगायचं ते तुझं तू बघ.

काल हिलालच्या आईनं बेबीच्या हातून वाटीभर कढी पाठवली. यांनी ती पिऊन "हाव, चांगली शे" म्हटलं. आता रोज एखादा शब्द येतो.

दिवाळीला येऊ नकोस. भाऊबीजेचं ताट मी या वर्षी मांडणार नाही, पुढंही नाही. तू म्हणालास बाजूला हो. मी झाले.

यशोदा तोताराम